ग्रामीण केनियातील मुलांची हालचाल कशाने मोजावी?

तुमचा प्रश्न असा आहे: पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू परिसरातील ग्रामीण प्राथमिक शाळांत ९ ते ११ वर्षांच्या सुमारे २०० मुलामुलींच्या शारीरिक हालचालींचा अभ्यास तुम्हाला पीएचडीसाठी करायचा आहे. हाताशी चार महिने आहेत, निधी बेताचा आहे आणि प्रश्नावली, पावले मोजणारा पेडोमीटर, अ‍ॅक्सेलरोमीटर, प्रत्यक्ष निरीक्षण आणि डबली लेबल्ड वॉटर (खास पाणी पाजून ऊर्जाखर्च मोजण्याची पद्धत) यांपैकी नेमके काय निवडावे, हे ठरत नाही. मी हे काम बरीच वर्षे केले आहे, भारतातही आणि पूर्व आफ्रिकेतही. माझा सल्ला असा की कमरेवर बांधायचा अ‍ॅक्सेलरोमीटर (हालचाल टिपणारे छोटे यंत्र) मुख्य साधन ठेवा, त्याच्या जोडीला तिथल्या मुलांच्या बोलण्यातून घडवलेली ‘कालच्या दिवसाची’ मुलाखत घ्या आणि या दोन्हींच्या आधी किमान दोन आठवडे फक्त वही घेऊन मुलांचा दिवस पाहा. हे तिसरे काम वेळेअभावी वगळण्याचा मोह सर्वांनाच होतो. माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी थोडे विस्ताराने लिहिते.

साधन निवडण्याआधी अभ्यासाच्या शेवटी तुम्हाला कोणते वाक्य लिहायचे आहे, ते कागदावर लिहून काढा. ‘या मुलांपैकी इतकी मुले जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीइतकी (दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल) सक्रिय आहेत’ हे एक वाक्य झाले. ‘ही मुले दिवसाला इतकी ऊर्जा खर्च करतात आणि त्यांच्या आहारातून ती भागत नाही’ हे दुसरे. ‘मुलींची हालचाल घरकामातून होते आणि मुलांची खेळातून’ हे तिसरे, आणि ‘शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत कोण खेळते’ हे चौथे. या प्रत्येकाचे साधन वेगळे आहे. ऊर्जेचा प्रश्न असेल तर डबली लेबल्ड वॉटरला पर्याय नाही, मैदानाचा असेल तर ठरावीक अंतराने नजर फिरवून नोंद करण्याची सोप्ले पद्धत पुरेशी आहे, आणि घरकाम व खेळ वेगळे करायचे असतील तर कोणतेही यंत्र एकट्याने ते करू शकत नाही, कारण मूल किती हलले हे यंत्राला कळते, कशासाठी हलले हे कळत नाही. तुमच्या आराखड्यात पहिले आणि तिसरे वाक्य मिसळलेले दिसते, म्हणून वरची जोडी सुचवली आहे.

डबली लेबल्ड वॉटरबद्दल तुम्ही विशेष उत्सुक दिसता, तेव्हा ते आधी बाजूला करते. या पद्धतीत ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकांनी युक्त पाण्याची मोजून दिलेली मात्रा मूल पिते. ड्युटेरियम शरीरातून केवळ पाण्यावाटे बाहेर पडते, तर ऑक्सिजन-१८ पाणी आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्हींवाटे पडते. पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांतील लघवीच्या नमुन्यांतून दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक काढला की शरीराने किती कार्बन डायऑक्साइड तयार केला आणि त्यावरून एकूण किती ऊर्जा खर्च झाली, हे कळते. पद्धत अत्यंत अचूक आहे, पण तिच्यातून मिळतो तो सबंध काळाचा एकच आकडा. मूल कधी धावले, कधी बसले, हे त्यात कुठेच नसते. इक्वाडोरच्या अ‍ॅमेझॉन भागातील शुआर मुलांवरचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. त्या मुलांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च औद्योगिक देशांतील मुलांच्या जवळपास इतकाच निघाला, मात्र विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर जास्त ऊर्जा वापरत होते. म्हणजे नुसता एकूण खर्च पाहून हालचालीविषयी निष्कर्ष काढला असता तर तो चुकला असता. शिवाय ऑक्सिजन-१८ महाग आहे, नमुने गोठवून न्यावे लागतात, त्यांचे विश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या आहेत, आणि अभ्यासाच्या काळात पिण्याच्या पाण्याचा स्रोत बदलला (पावसाळ्यात विहिरीऐवजी पागोळीचे पाणी, इतका साधा बदलही) तर शरीरातील या समस्थानिकांची मूळ पातळी हलते. तुमच्या प्रश्नाला त्याची गरज नाही.

हृदयगती मोजण्याचा पर्यायही मी तुमच्यासाठी घेणार नाही. किसुमू समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, ऊन कडक असते, आणि या पट्ट्यात मलेरिया व रक्तक्षय दोन्ही आढळतात. ताप, उष्मा, भीती आणि कमी हिमोग्लोबिन या सर्वांनी नाडी वाढते, त्यामुळे प्रत्येक मुलाची स्वतंत्र चाचणी घेऊन सूत्र बसवल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ राहत नाही. पेडोमीटर स्वस्त असतो आणि पावले बऱ्यापैकी मोजतो, पण साध्या पेडोमीटरला वेळ कळत नाही, मूल तो उघडून आकडा पाहत राहते आणि आकडा वाढावा म्हणून मुद्दाम उड्या मारते. निधी अगदीच आटला तर झाकण चिकटवून तो वापरता येईल.

आता प्रश्नावली. मुलांसाठी बरीच वापरली जाणारी पीएक्यू-सी ही सात दिवसांच्या आठवणीवर आधारलेली प्रश्नावली कॅनडात तयार झाली. तिच्या यादीत आइस हॉकी, क्रॉस-कंट्री स्कीइंग, स्केटबोर्डिंग आहे. पाणी भरणे, गुरे राखणे, लाकूडफाटा आणणे, धाकट्या भावंडाला पाठीवर घेऊन फिरणे नाही. तिच्यातून १ ते ५ असा गुणांक मिळतो, मिनिटे मिळत नाहीत. पुष्कळ संशोधक हॉकीच्या जागी फुटबॉल घालतात आणि ‘स्थानिक रूपांतर केले’ असे लिहितात. त्याने फारसे काही साधत नाही, कारण अडचण यादीपुरती नाही, ती ‘शारीरिक हालचाल’ या कल्पनेतच आहे. किस्वाहिलीत, म्हणजे तिथल्या राष्ट्रभाषेत, व्यायामाला ‘माझोएझी’ म्हणतात, पण पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायालाही तोच शब्द आहे. त्यामुळे ‘काल माझोएझी केले का?’ असे विचारले तर एखादे मूल गणिताची वही आठवते आणि दुसरे फुटबॉलचा सराव. पाणी आणणे म्हणजे ‘काझी’, काम, आणि ते दोघांच्याही मनात येत नाही. आपल्याकडे साताऱ्याच्या डोंगरी भागात दिवसभर शेळ्यांमागे फिरणाऱ्या मुलाला ‘व्यायाम करतोस का?’ असे विचारले तर तोही नाहीच म्हणेल. आणि तुमची मुले घरी धोलुओ, ही लुओ लोकांची भाषा, बोलतात, शाळेत किस्वाहिली आणि इंग्रजी शिकतात, हे लक्षात घेतले तर भाषांतर हे एका दुपारचे काम नव्हे, हे तुमच्या ध्यानात येईल.

हाच धोका मोठ्या पाहण्यांतही असतो. १४६ देशांतील १६ लाख शालेय विद्यार्थ्यांच्या माहितीवरून, २०१६ साली ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले पुरेशी सक्रिय नव्हती आणि मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होते, असा जो अंदाज सर्वत्र उद्धृत होतो, तो प्रश्नावल्यांवर उभा आहे. तो अंदाज टाकाऊ आहे असे मी मुळीच म्हणत नाही, इतक्या देशांत दुसरे काही शक्यही नव्हते. पण ज्या मुलीचा निम्मा दिवस घरकामात जातो, तिला त्या प्रश्नात स्वतःचा दिवस ओळखू आला असेल का, हे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहायला हवे.

एका सकाळची गोष्ट सांगते. सरोवरापासून चढावर असलेल्या एका वस्तीत मी दहा वर्षांच्या एका मुलीबरोबर पहाटेपासून होते. तिच्या कमरेला एक यंत्र होते, आणि तुलनेसाठी मनगटालाही एक. सूर्य वर येण्याआधी ती दहा लिटरचा पिवळा कॅन घेऊन खाली उतरली, भरून तो डोक्यावर ठेवला आणि चढाला लागली. पाणी हिंदकळू नये म्हणून तिची चाल अतिशय सपाट, मोजकी आणि संथ होती. एक हात वर धरून तिने कॅनला आधार दिला होता, आणि मनगटाचे यंत्र नेमके त्याच हातावर होते. घरी पोहोचेपर्यंत तिचा श्वास वर आला होता, कपाळावर घाम होता. तिचे स्वतःचे वजन तीस किलोच्या आत आणि डोक्यावर दहा किलो. त्या रात्री मी दोन्ही यंत्रांची नोंद उघडली तेव्हा कमरेच्या यंत्राने ती खेप ‘हलकी हालचाल’ म्हणून नोंदवली होती, मनगटाच्या यंत्राला ती जवळजवळ बसलेली वाटली होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या सहायकाने घेतलेल्या प्रश्नावलीत ‘काल शारीरिक हालचाल केली का’ यापुढे तिने ‘नाही’ सांगितले. त्या मुलीच्या दिवसातले सर्वांत कष्टाचे काम तिन्ही साधनांतून निसटले होते. माझी वही नसती तर ती ‘अपुरी सक्रिय’ या रकान्यात गेली असती आणि कदाचित पुढे तिच्यासाठी कोणी व्यायामाचा कार्यक्रमही आखला असता.

यामागचे कारण साधे आहे. अ‍ॅक्सेलरोमीटर शरीराच्या त्या भागाच्या वेगातला बदल मोजतो, शरीरावरचा भार त्याला दिसत नाही. ओझे, चढ, पाण्यात पोहणे, सायकल चालवणे या सर्वांना कमरेचे यंत्र कमी लेखते. मनगटाचे यंत्र कुदळीचे काम चांगले पकडते, पण डोक्यावरच्या ओझ्याला फसते. आणि हालचालीच्या ‘काउंट’चे, म्हणजे यंत्र हालचालीचा जो आकडा देते त्याचे, हलकी, मध्यम, तीव्र असे वर्ग पाडणारे उंबरठे कुठून आले, तेही पाहा. सध्या सर्वाधिक वापरला जाणारा इव्हन्सन यांचा २००८ सालचा उंबरठा, मिनिटाला २२९६ काउंट व त्याहून अधिक म्हणजे मध्यम ते तीव्र हालचाल, हा अमेरिकेतील ५ ते ८ वर्षांच्या ३३ मुलांवरून ठरला आहे. पुढच्या तुलनात्मक चाचण्यांत तो इतरांपेक्षा सरस ठरला, म्हणून तोच वापरा असे मीही सांगेन, पण त्या मुलांपैकी कोणाच्या डोक्यावर पाणी नव्हते. दुसरीकडे पुयाउ यांचा २००२ सालचा उंबरठा ३२०० काउंटचा आहे. त्याच मुलाचा तोच आठवडा एका उंबरठ्याने शिफारशीइतका सक्रिय ठरतो आणि दुसऱ्याने अपुरा. म्हणून उंबरठा माहिती गोळा करण्याआधी लेखी ठरवा, आणि निकाल हाती आल्यावर तो बदलू नका.

यावर मी जो उपाय करते तो छोटा आहे. वीसएक मुलांना, पालकांच्या व त्यांच्या संमतीने, मोजलेल्या अंतरावर एकदा मोकळे आणि एकदा त्यांच्या रोजच्या ओझ्यासह, आपल्या नेहमीच्या चालीने चालू द्यावे. ओझे त्यांचे रोजचेच असावे, किलोभरही जास्त नको. तेवढ्या वेळेपुरता हृदयगतीचा पट्टा लावला तर मोकळ्या आणि ओझ्याच्या चालण्यातला फरक त्याच मुलाच्या बाबतीत दिसतो, आणि तिथे तो पट्टा उपयोगी आहे. या चाचणीतून नवा उंबरठा काढण्याचा प्रयत्न करू नका, वीस मुलांवरून ते योग्य होणार नाही. तिचा उपयोग इतकाच की ‘ओझे वाहण्याची मिनिटे’ हा स्वतंत्र निष्कर्ष म्हणून मांडण्याचा आधार तुम्हाला मिळतो. ती मिनिटे ‘मध्यम ते तीव्र’ या रकान्यात ओढूनताणून कोंबण्यापेक्षा शेजारी वेगळ्या रकान्यात दाखवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

ही मिनिटे कुठून मिळणार? ‘कालच्या दिवसाच्या’ मुलाखतीतून. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला सात दिवसांचे आठवत नाही, पण कालचा दिवस, तोही घटनांच्या क्रमाने विचारला तर, पुष्कळ आठवतो. उठल्यावर काय केले, शाळेत जाण्यापूर्वी कुठे गेलास, कोण बरोबर होते, जेवायला घरी आलास का, शाळा सुटल्यावर काय. कामांची आणि खेळांची यादी तुमच्या दोन आठवड्यांच्या निरीक्षणातून यायला हवी. तिथल्या मुली ‘काटी’ नावाचा खेळ खेळतात, ज्यात दोन बाजूंनी चेंडू मारतात आणि मधली मुलगी तो चुकवते. कित्येकदा हा चेंडू चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळून बनवलेला असतो. हा खेळ विलक्षण दमवणारा आहे आणि कोणत्याही तयार प्रश्नावलीत नाही. सरोवराकाठी ओमेना नावाची बारीक मासळी वाळत घालणे आणि उलटणे हेही मुलांचे काम असते. अशा गोष्टी पुण्यात बसून सुचत नाहीत.

या मुलाखतीत वेळ विचारताना एक खड्डा आहे, त्यात तुम्ही पडू नये म्हणून ठळकपणे सांगते. किस्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’, म्हणजे शब्दशः एक वाजता, हे आपले सकाळचे सात. ‘सा म्बिली’ म्हणजे आठ. यंत्र काढल्याची आणि घातल्याची वेळ लिहिण्यासाठी दिलेल्या कागदावर आईने ‘१’ लिहिले तर ते दुपारचे एक आहे की सकाळचे सात, हे कागदावरून कळत नाही, आणि घरातले मोठे भावंड शाळेतल्या पद्धतीने लिहिणारे असेल तर एकाच कागदावर दोन्ही पद्धती सापडतात. आम्ही शेवटी आकडे मागणेच बंद केले. सूर्योदय, शाळेची घंटा, दुपारचे जेवण, सूर्यास्त अशा खुणांच्या चित्रांचा कागद केला आणि त्यावर फक्त फुली मारायला सांगितले.

वेळेचीच दुसरी चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली. यंत्रे सुरू करताना ती लॅपटॉपचे घड्याळ उचलतात, आणि माझा लॅपटॉप भारतीय वेळेवरच होता, केनियापेक्षा अडीच तास पुढे. पहिल्या फेरीच्या आलेखात मुले वर्गात बसलेली असताना सर्वांत जोरात चालताना दिसू लागली. एवढे असते तर सगळ्या नोंदी अडीच तास मागे सरकवून भागले असते. पण मध्येच कोणीतरी घड्याळ दुरुस्त केले होते आणि कोणती यंत्रे आधीची व कोणती नंतरची, याची नोंद आम्ही ठेवली नव्हती, त्यामुळे कित्येक मुलांचा आठवडा टाकून द्यावा लागला. ज्या मुलांनी आठवडाभर नियमाने पट्टा बांधला त्यांची माहिती आपल्या हलगर्जीपणामुळे वाया गेली, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून प्रत्येक यंत्राचा क्रमांक, मूल, सुरू करण्याची वेळ आणि सुरू करणाऱ्याचे नाव अशी कागदी वही मी ठेवते, आणि रोज सकाळी लॅपटॉपचे घड्याळ मोठ्याने वाचून दाखवायला लावते.

यंत्राच्या इतर गोष्टी भराभर सांगते. अ‍ॅक्टिग्राफ (या यंत्राची एक बनावट) घ्यायला मिळाला तर तो घ्या, कारण आयस्कोल या बारा देशांच्या अभ्यासात, ज्यात नैरोबी आणि बेंगळुरू ही दोन्ही शहरे होती, ९ ते ११ वर्षांच्याच मुलांना तोच, कमरेला, सात दिवस, चोवीस तास बांधला होता. त्यामुळे तुमच्या ग्रामीण मुलांची नैरोबीतील शाळकरी मुलांशी तुलना करता येईल. यंत्र नवे विकत घेण्यापेक्षा एखाद्या विद्यापीठाकडून उसने मिळते का ते पाहा, बरेच विभाग देतात. नोंदीची वारंवारता ३० हर्ट्झ (सेकंदाला ३० नोंदी) किंवा तिच्या पटीत ठेवा, अन्यथा काउंटमध्ये फरक पडतो. मूळ, कच्ची माहिती साठवा, कारण तिच्यावरून नंतर कोणतेही काउंट काढता येतात. अ‍ॅक्टिग्राफची काउंट काढण्याची रीत २०२२ पासून सर्वांसाठी उघड झाली आहे. विश्लेषणाचा कालखंड, म्हणजे नोंदी ज्या तुकड्यांत बेरजून पाहायच्या तो तुकडा, १५ सेकंदांपेक्षा मोठा नको. मुलांचे धावणे-उड्या मारणे झटक्यांचे असते. १९९५ च्या एका बारकाईच्या निरीक्षणात तीव्र हालचालीचा मध्यक कालावधी अवघा ३ सेकंद निघाला होता. एक मिनिटाचा कालखंड घेतला तर दहा सेकंदांची धाव आणि पन्नास सेकंदांचे उभे राहणे मिळून ‘हलकी हालचाल’ होते आणि धाव नाहीशी होते. यंत्राचा लुकलुकणारा दिवा सुरू करतानाच बंद करा, त्याचे कारण पुढे येईल.

किती दिवस? सात दिवस बांधायला सांगावे, आणि किमान चार दिवस, त्यातला एक सुट्टीचा, रोज दहा तास बांधलेला असेल तर ते मूल ग्राह्य धरावे, ही रूढ पद्धत आहे. तिच्यामागचे गणित समजून घ्या. समजा एका दिवसाच्या मोजमापाची विश्वसनीयता (० ते १ या मापावर, १ म्हणजे पूर्ण भरवशाची) ०.३० आहे. चार दिवसांच्या सरासरीची ०.६३ होते आणि सात दिवसांची ०.७५. म्हणजे चार दिवस चालतात, पण सात दिवस खरोखर चांगले. सुट्टीच्या दिवसाबाबत मात्र रूढ नियम इथे लंगडा पडतो. या भागात शनिवारी बाजार, धुणे, शेत असते, रविवारी चर्च. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबांत नेमके उलटे, त्यांचा शनिवार चर्चचा. ‘एक सुट्टीचा दिवस’ म्हणून कोणताही घेतला तर दोन अगदी वेगळे दिवस एकाच नावाखाली येतात. कुटुंबाचा प्रार्थनेचा दिवस कोणता, हा एक प्रश्न फॉर्ममध्ये घाला, आणि शनिवार व रविवार दोन्ही मिळवण्याचा आग्रह धरा.

तीस यंत्रे मिळाली असे धरले तर २०० मुलांसाठी सात फेऱ्या लागतील. आठवडाभर बांधणे, मग माहिती उतरवणे, चार्ज करणे, पट्टे धुणे धरून दहा दिवसांची एक फेरी, म्हणजे सत्तर दिवस. इथे एक चूक फार सहज होते: सोयीसाठी एका फेरीत एक शाळा उरकतात. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ आहे. पहिली शाळा कोरड्या दिवसांत आणि शेवटची चिखलात मोजली गेली तर तुम्ही शाळांमधला फरक मोजलात की पावसाळ्याचा, हे कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून प्रत्येक फेरीत सर्व शाळांतली थोडी थोडी मुले घ्या, मुलगे आणि मुली सारख्या प्रमाणात. धावपळ वाढते, पण दुसरा मार्ग नाही. एप्रिलमधल्या शाळेच्या सुट्टीत फेरी आली तर ती रद्द करू नका; ती वेगळी ठेवून काही मुलांचे सुट्टीतले मोजमाप म्हणून वापरा. त्या आठवड्यात मूल आजारी होते का, ताप होता का, हेही प्रत्येक वेळी विचारून ठेवा.

आता दिव्याची गोष्ट. पश्चिम केनियात, संशोधक आणि आरोग्य कर्मचारी रक्त चोरतात, अशी जुनी आणि खोल भीती आहे. ‘काचिन्जा’ या नावाने ती ओळखली जाते. तिला अडाणीपणा समजून हसणारा संशोधक तिथे टिकत नाही, आणि टिकूही नये. बाहेरून आलेल्या माणसांनी आपल्या मुलांच्या अंगावरून काहीतरी घ्यायचे आणि निघून जायचे, परत काही सांगायचे नाही, हा अनुभव त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे. अशा ठिकाणी मुलाच्या कमरेला रात्री लुकलुकणारी डबी म्हणजे अफवेला आमंत्रणच. गावप्रमुखाच्या बराझात, म्हणजे जाहीर सभेत, यंत्र सर्वांच्या हाती द्या, ते उघडून दाखवा, त्यात ध्वनी नाही, चित्र नाही, स्थान नाही हे सांगा, आणि सभेतल्या एखाद्याच्या कमरेला बांधून, त्याला चालवून, त्याचा आलेख तिथेच दाखवा. मी इतकी समजावणी करूनही काही आयांनी नकार दिला आहे. तो नकार तेवढ्याच आदराने वहीत नोंदवावा आणि पुन्हा विचारू नये.

परवानग्यांसाठी तुम्ही ठेवलेला एक महिना पुरणार नाही. केनियातील मान्यताप्राप्त नीतिमत्ता समितीची मंजुरी, त्यानंतर नाकोस्टी या राष्ट्रीय संस्थेचा संशोधन परवाना, मग काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) शिक्षण आणि आरोग्य कार्यालयांची पत्रे, मग मुख्याध्यापक, मग पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची संमती असा क्रम आहे. तुमच्या भारतातील विद्यापीठाची मंजुरी याला पर्याय नाही, ती याशिवाय लागते. २०१९ चा केनियाचा माहिती संरक्षण कायदा तुमच्या लॅपटॉपमधल्या नावांना लागू होतो, तेव्हा नावे आणि क्रमांकांची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा. आणि केनियातील सहसंशोधक केवळ परवान्यासाठी नको. प्रश्न ठरवण्यापासून लेखनापर्यंत त्यांचा वाटा असला पाहिजे, हे मी सौजन्य म्हणून सांगत नाही. वर लिहिलेल्या माझ्या निरीक्षणांपैकी निम्मी मला तिथल्या सहकाऱ्यांनी दाखवून दिली तेव्हा दिसली.

विश्लेषणात एक गोष्ट आधीच ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची शिफारस ‘दररोज किमान ६० मिनिटे’ अशी होती, २०२० ची ‘आठवड्यात सरासरी दिवसाला ६० मिनिटे’ अशी आहे. शाळेच्या पाच दिवसांत भरपूर चालणारे आणि रविवारी चर्चमध्ये बसणारे मूल पहिल्या निकषावर नापास होते, दुसऱ्यावर पास. जुन्या अभ्यासांशी तुलना करायची असेल तर दोन्ही आकडे द्या आणि कोणता कोणत्या निकषाचा, ते तक्त्याच्या शीर्षकातच लिहा. यंत्र न बांधलेला काळ ओळखण्यासाठी सलग वीस मिनिटे शून्य काउंट हा नियम काही ठिकाणी वापरतात. दाटीने बाकावर बसून फळ्याकडे पाहणाऱ्या मुलांत तो खरे बसणेही गाळून टाकतो, म्हणून मी साठ मिनिटांचा नियम घेते आणि तो निरीक्षणाच्या वहीशी ताडून पाहते.

निरीक्षणाच्या त्या दोन आठवड्यांत किमान बारा मुले निवडा, सहा मुली आणि सहा मुलगे, आणि प्रत्येकाबरोबर दोन अर्धे दिवस राहा, एक शाळेचा आणि एक घरचा. पहिला तासभर मूल तुमच्याकडेच पाहत असते, त्या वेळची नोंद मोजू नका. मुलींच्या घरी स्त्री सहायक जाईल असे पाहा. दोन निरीक्षकांनी काही तास एकाच मुलाची स्वतंत्र नोंद करून ती जुळते का ते तपासावे, आणि जुळत नसेल तर हालचालींच्या वर्गांच्या व्याख्या पुन्हा लिहाव्यात.

यंत्रे हाती आली की पहिली फेरी मुलांवर करू नका. ती तुम्ही आणि तुमच्या सहायकांनी स्वतःच्या कमरेला आठवडाभर बांधा, झोपताना, शेतातून जाताना, पाणी आणताना, आणि मुलांना देणार तोच चित्रांचा कागद रोज भरा. आठव्या दिवशी कागद आणि आलेख शेजारी शेजारी ठेवून सगळे एकत्र बसा. कागद कुठे अपुरा आहे, पट्टा कुठे काचतो, कोणत्या कामाला तो लोक हमखास काढून ठेवतात आणि मग घालायला विसरतात, हे त्या एका बैठकीत कळते, आणि त्यानंतरच शाळेत जाऊन पहिल्या मुलाला पट्टा कसा बांधायचा ते दाखवा.